ड्राफ्ट तपासला तेव्हा १२ टक्के, फायनल टाकलं तर १०० टक्के : असं का होतं? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. तुमच्या मूडलमध्ये (ऑनलाइन कोर्स आणि असाइनमेंट चालवायची प्रणाली) टर्निटिन (दिलेला मजकूर आधीच कुठे आहे का हे ताडून बघणारं सॉफ्टवेअर) आम्हीच जोडून दिलंय आणि रिपोर्ट कुठे उघडतो हे तुम्हाला माहितीय, त्यामुळे पहिल्यापासून सगळं सांगत बसत नाही. हे पत्रक मुख्यतः एकाच गोष्टीसाठी लिहिलंय. प्रत्येक सबमिशनच्या आठवड्यात आम्हाला ठरलेला फोन येतो : "सर, विद्यार्थिनीनं स्वतः लिहिलंय, मी ओळन्‌ओळ वाचलंय, तरी रिपोर्ट लाल येतोय, तुमच्या सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे." लाल म्हणजे बहुतेक सगळा मजकूर दुसरीकडे जुळला. आम्ही दर वेळी सगळं तपासतो, आणि जवळजवळ दर वेळी एकच निघतं. तीच फाइल आधी कुणीतरी "नुसतं चेक करून बघू" म्हणून दुसरीकडे अपलोड केलेली असते.

होतं ते असं. विद्यार्थिनी ड्राफ्ट मेलवर पाठवते, मॅडम तो स्वतःच्या लॉगिननं एखाद्या टेस्ट कोर्समध्ये टाकतात, १२ टक्के मजकूर जुळलेला येतो, म्हणजे काळजीचं काही नाही. पण त्या टेस्ट असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये 'स्टँडर्ड रिपॉझिटरी' निवडलेली असते, म्हणजे ड्राफ्ट फक्त तपासला गेला नाही, तो टर्निटिनच्या साठ्यात मॅडमच्या नावावर जमाही झाला. आठवड्यानं विद्यार्थिनी तोच मजकूर स्वतःच्या लॉगिननं खऱ्या असाइनमेंटमध्ये टाकते आणि सॉफ्टवेअरला दिसतं की शब्दन्‌शब्द हाच मजकूर दुसऱ्या नावानं आधीच साठ्यात आहे. दोन्ही फाइल एकाच मुलीच्या आहेत हे त्याला कळायचा काही मार्गच नाही, ते फक्त मजकूर जुळवतं. मैत्रिणीच्या लॉगिनवरून तपासलं किंवा दुसऱ्या संस्थेत शिकणाऱ्या भावाकडून तपासून घेतलं तरी हेच होणार.

लाल रिपोर्ट आला की आधी उजवीकडची सोर्सची यादी उघडा. सगळ्यात वर 'स्टुडंट पेपर' असेल आणि त्यासोबत तुमच्याच संस्थेचं नाव असेल, तर हेच प्रकरण आहे असं धरून पुढे जा. पण दोन्ही मजकूर बघून तो खरंच त्याच विद्यार्थिनीचा ड्राफ्ट आहे एवढी खात्री करा, कारण वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं काम असलं तरी यादीत तसंच दिसतं. खात्री झाली की तो एक सोर्स रिपोर्टमधूनच वगळता येतो, टक्का लगेच नव्यानं मोजला जातो आणि त्या मोठ्या मॅचखाली झाकलेले बाकीचे सोर्स वर येतात. तुम्हाला हवा असलेला खरा आकडा तो. हे शिक्षकाच्या लॉगिनवरून दोन मिनिटांत होतं, आमच्यासाठी थांबायची गरज नाही.

मग अनेक जण घाईघाईत मूडलमधून ती टेस्ट असाइनमेंट डिलीट करतात, काही जण अख्खा कोर्स उडवतात. कृपया असं करू नका. मूडलमधून फाइल गेली तरी टर्निटिनच्या साठ्यातली प्रत जात नाही, ती राहतेच, उलट कुठली फाइल कधी टाकली होती हे शोधायचा धागा तेवढा तुटतो आणि आमचा अख्खा दिवस त्यात जातो. साठ्यातून काढायचं तर शिक्षकाकडून विनंती लागते आणि अ‍ॅडमिननं ती मंजूर करावी लागते. अ‍ॅडमिनचं काम आमच्याकडे आहे तिथे आम्ही लेखी मेल मागतो, फोनवर सांगितलेलं घेत नाही. यावरून काही जण नाराज होतात हे आम्हाला माहितीय, पण एकदा काढलेला पेपर परत आणता येत नाही, रिपोर्टही त्याच्यासोबत जातो, आणि कुणाचं तरी फायनल सबमिशन चुकून पुसलं गेलं तर त्या विद्यार्थ्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. ही पद्धत आम्ही बदलणार नाही.

हे सगळं टाळायचा उपाय एका सेटिंगवर आहे. ड्राफ्ट तपासायच्या असाइनमेंटला 'नो रिपॉझिटरी' ठेवा, म्हणजे तपासणी पूर्ण होते पण प्रत साठत नाही. फायनलच्या असाइनमेंटला मात्र रिपॉझिटरी चालू ठेवा. काही जणांनी आमचं ऐकून सगळीकडेच 'नो रिपॉझिटरी' करून टाकलं, तेही चूक, कारण मग यंदाच्या मुलांचं काम पुढच्या बॅचनं जसंच्या तसं उचललं तरी सॉफ्टवेअरकडे ताडून बघायला काहीच नसेल. आणखी सोपं म्हणजे ड्राफ्टसाठी वेगळी असाइनमेंटच करू नका. एकाच असाइनमेंटमध्ये शेवटच्या तारखेपर्यंत पुन्हा सबमिट करायची परवानगी द्या, विद्यार्थी स्वतःच्या लॉगिननं स्वतःच टाकेल, नवी फाइल जुनीची जागा घेईल आणि त्याचाच ड्राफ्ट त्याच्या अंगावर येणार नाही. पहिले तीन रिपोर्ट लवकर येतात, त्यानंतर प्रत्येक नव्या रिपोर्टला २४ तास लागतात. म्हणून शेवटच्या रात्री पाचव्यांदा अपलोड करून "रिपोर्ट येत नाहीये" म्हणणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तुम्हाला फोन करणार आणि तुम्ही आम्हाला.

आता टक्क्याबद्दल थोडं. निळा म्हणजे काहीच जुळलं नाही, हिरवा २४ पर्यंत, पिवळा २५ ते ४९, केशरी ५० ते ७४, त्यापुढे लाल. हा आकडा जुळणाऱ्या मजकुराचा आहे, चोरीचा नाही. तुम्ही प्रश्नपत्रिका वर्डमध्ये देता आणि मुलं त्यातच उत्तरं लिहून पाठवतात, तेव्हा प्रश्न सगळ्यांचे सारखेच असल्यामुळे पूर्ण वर्ग पिवळा दिसतो आणि त्यात कुणाचा काही दोष नसतो. उलट ८ टक्क्यांच्या हिरव्या रिपोर्टमध्ये एक पूर्ण परिच्छेद जसाच्या तसा उचललेला असू शकतो. त्यामुळे "आमच्याकडे १५ च्या वर रिजेक्ट" असा नियम लावून देता का असं विचारलं जातं तेव्हा आम्ही नाही म्हणतो. रिपोर्ट उघडून वाचावाच लागतो, ते काम शिक्षकाचं आहे. अवतरणं वगळायचा पर्याय चालू केला असेल तर मुलांना दुहेरी अवतरणचिन्हं वापरायला सांगा, एकेरी चिन्हांतला मजकूर वगळला जात नाही. आणि एआयचा जो आकडा दिसतो (हे फीचर एप्रिल २०२३ मध्ये आलं) तो पूर्ण वेगळा आहे, या टक्क्यात तो मिसळलेला नसतो, दोन्हींची बेरीज करू नका.

रिपोर्टच येत नसेल तर आधी बघा की विद्यार्थ्यानं टर्निटिनचा करार स्वीकारलाय का, तो स्वीकारल्याशिवाय फाइल पुढे जातच नाही. करार झालाय आणि तरी 'पेंडिंग' दिसतंय तर फाइल मूडलच्या रांगेत आहे, थोडा वेळ द्या, परत परत अपलोड केल्यानं ती लवकर जात नाही. फोटो काढून किंवा स्कॅन करून केलेली पीडीएफ, पासवर्ड लावलेली फाइल, २० शब्दांपेक्षा कमी मजकूर, हे काहीच तपासलं जात नाही. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसतं, सॉफ्टवेअरला मात्र ती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, म्हणून उचललेला मजकूरसुद्धा बिनधास्त शून्यावर येतो. असा शून्य बघून निर्धास्त होऊ नका, विद्यार्थ्याकडून युनिकोडमध्ये फाइल परत मागवा.

ज्यांना सेटिंगमध्ये हात घालायचा नाही त्यांच्यासाठी आम्ही दोन तयार असाइनमेंट ठेवल्यात, एक ड्राफ्टची, एक फायनलची. रिपॉझिटरी, तारीख, पुन्हा सबमिशन, प्रश्नपत्रिकेचा मजकूर वगळणं, सगळं त्यात आधीच लावलंय, तुम्ही फक्त नाव आणि तारीख बदलायची. आमच्याकडून वार्षिक सपोर्ट घेणाऱ्यांना त्या कोर्समध्ये टाकून देतो, शिवाय नव्या शिक्षकांसाठी सत्र सुरू होताना एक ऑनलाइन बैठकही घेतो, त्यात खरा लाल रिपोर्ट उघडून दाखवतो. जिथे ही बैठक झालीय तिथून १०० टक्क्यांचे फोन खूपच कमी येतात असा आमचा अनुभव आहे. हवं असेल तर मेलमध्ये कोर्सचं नाव, असाइनमेंटचं नाव, शेवटची तारीख आणि ड्राफ्ट किती वेळा तपासू द्यायचाय एवढं लिहा, आणि शक्यतो तारखेच्या आठवडाभर आधी पाठवा. सबमिशन सुरू झाल्यावर रिपॉझिटरीचं सेटिंग बदललं तरी आधी साठलेले पेपर साठ्यातच राहतात.