लुसिओ (फुटबॉलपटू)

लुसिओ, पूर्ण नाव लुसिमार दा सिल्वा फेरेरा, जन्म 8 मे 1978, ब्राझिलियाजवळचं प्लानाल्तिना. पोझिशन सेंटर बॅक. ग्वारा या लहान क्लबकडून खेळताना इंटरनॅसिओनाल या ब्राझीलच्याच क्लबने त्याला हेरलं, ते म्हणे त्यांच्याकडूनच 7-0 हरलेल्या मॅचमधे.

2001 मधे बायर लेव्हरकुसेन, 2004 मधे बायर्न म्युनिक, 2009 ला इंटर मिलान. ग्लासगोतली 2002 ची चॅम्पियन्स लीग फायनल रेआल माद्रिदच्या झिदानच्या व्हॉलीसाठी सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याआधी लेव्हरकुसेनला 1-1 वर आणणारा हेडर याचाच होता. त्याच वर्षी वर्ल्ड कपमधे इंग्लंडविरुद्ध बॉल नीट कंट्रोल झाला नाही आणि ओवेनने गोल मारला, तरी ब्राझील 2-1 जिंकलं आणि पुढे कपही. बायर्नने 2009 मधे सोडलं आणि पुढच्याच मे मधे इंटरने चॅम्पियन्स लीग फायनलला बायर्नलाच 2-0 हरवलं, त्यात हा पूर्ण वेळ खेळला.

2006 च्या वर्ल्ड कपमधला 386 मिनिटं एकही फाउल न करण्याचा विक्रम त्याच्या नावावर सांगतात. हिशोब असा की पहिल्या चार मॅचची 360 मिनिटं आणि फ्रान्सविरुद्धची साधारण 26, म्हणजे इंज्युरी टाइम धरलेला दिसत नाही. आधीचा आकडा पॅराग्वेच्या गामाराचा, 1998 मधला, 383 मिनिटं, पण त्यात फ्रान्सविरुद्धचा एक्स्ट्रा टाइमही येतो, आणि फाउल म्हणजे शेवटी रेफरीने शिट्टी वाजवली तेवढेच, त्यामुळे तीन मिनिटांच्या फरकावरून कोण मोठा ते ठरवू नये, दोघांनाही सारखा मान देणं जास्त बरोबर वाटतं. लुसिओच्या बाबतीत हे विशेषच, कारण तो मागे थांबणारा नव्हता, बॉल पायात घेऊन हाफ लाइन ओलांडून पळत सुटायचा, आणि असा माणूस परत येताना घाईत पाय घालतोच.

ब्राझीलसाठी 105 मॅच, 4 गोल. 2009 च्या कॉन्फेडरेशन्स कप फायनलला अमेरिकेविरुद्ध 0-2 वरून 3-2 करणारा हेडर कॅप्टन म्हणून त्यानेच मारला.

युव्हेंटसमधे काही महिनेच. मग साओ पाउलो, पाल्मेरास.

2015 ला झिको कोच असलेल्या इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवात मार्की प्लेयर (टीमचा मुख्य स्टार) म्हणून आला. फातोर्ड्याच्या फायनलला गोवा शेवटच्या काही मिनिटांत आघाडी घालवून चेन्नईयिनकडून 2-3 हरलं. 2016 ला टीम तळाला राहिली. नंतर तो ब्राझिलिया भागातल्या गामा आणि ब्राझिलिएन्सकडून खेळला.