कुत्र्याचे आज्ञापालन-शिक्षण

माणसाच्या ठरावीक शब्दाला, हातखुणेला किंवा शिट्टीला ठरावीक वर्तनाने प्रतिसाद देण्याची सवय कुत्र्याला पद्धतशीरपणे लावणे. बसणे, पडून राहणे, सांगेपर्यंत जागा न सोडणे, हाकेला येणे, पट्टा न ओढता शेजारून चालणे आणि तोंडातली वस्तू सोडणे एवढे धडे घरच्या कुत्र्याला सामान्यतः पुरतात. वासावरून शोध, राखण, मेंढरे वळवणे, अंधांना वाट दाखवणे या स्वतंत्र शाखा असल्या, तरी त्यांची पायाभरणी याच धड्यांनी होते. ‘आज्ञापालन’ ही संज्ञा मराठीत रुळली आहे. मात्र कुत्रा हुकमाचा अर्थ जाणून तो मानतो, असा समज तिच्यामुळे होतो. प्रत्यक्षात अमुक खुणेनंतर अमुक केले की काय पदरात पडते, हे तो शिकतो. शिक्षणपद्धतींविषयीचे बहुतेक वाद या एका फरकापाशी येऊन थांबतात.

उगम : कुत्रा माणसाळला तो किमान १४,००० वर्षांपूर्वी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष साधारण तेवढे जुने आहेत. काही संशोधक हा काळ बराच मागे नेतात. माणसाळणे आणि शिकवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. शिकारी कुत्र्यांविषयी तपशीलवार लेखन इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनकडे आढळते. हाक मारणे सोपे जावे म्हणून नावे आखूड ठेवावीत, असे तो सांगतो. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला याने त्याला पुस्ती जोडली : नाव लांबलचक नको, पण दोन अक्षरांहून लहानही नको. मोती, वाघ्या, राजा, काळू ही मराठी घरांतली जुनी नावे या कसोटीला आपसूक उतरतात.

आधुनिक पद्धतीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखनात सुरुवात बहुधा १९३३पासून धरली जाते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांनी न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे आज्ञापालनाची चाचणी भरवली. तिच्यात आठ कुत्री उतरली होती. पूडल हे केवळ शोभेचे कुत्रे आहे, हा समज खोडून काढणे हा वॉकर यांचा एक हेतू होता. १९३६मध्ये अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने अशा चाचण्यांना मान्यता दिली. पुढच्या वर्षी वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांश साँडर्स यांनी आपली कुत्री घेऊन, मोटारीला जोडलेल्या घरगाडीतून हजारो मैलांचा प्रात्यक्षिक दौरा केला. घरगुती मालकांनी वर्गाला जाऊन आपले कुत्रे स्वतः शिकवायचे ही प्रथा या दोघींमुळे पसरली, हे खरे. पद्धत मात्र त्यांच्या आधीची आहे.

दुसरे मत जर्मनीकडे बोट दाखवते आणि ते अधिक सबळ वाटते. बेल्जियममधील गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९मध्ये गस्तीसाठी कुत्री वापरायला सुरुवात केल्यावर हे लोण जर्मनीत पोचले. तेथील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट (जन्म १८७८) यांनी १९०६च्या सुमारास झारब्रुकेन येथे कुत्र्यांचे शिक्षण हाती घेतले आणि १९१०मध्ये त्यावर हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. कुत्र्याला नीती-अनीती कळत नाही. सुखद किंवा दुःखद अनुभवाची सांगड कृतीशी अचूक क्षणी घातली, तरच तो शिकतो, हे त्यांचे प्रतिपादन. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा यासंबंधीचा मुख्य ग्रंथ १९३८चा. म्हणजे प्रयोगशाळेने मांडलेली बरीच तत्त्वे एका पोलीस अधिकाऱ्याने अठ्ठावीस वर्षे आधी मैदानावर वापरली होती. वर्तनविश्लेषणाच्या एका नियतकालिकाने १९९०मध्ये मोस्ट यांच्या या अग्रमानाची दखल घेतली. मोस्ट काटेरी पट्टा आणि छडी यांचाही वापर करीत, ही बाजू झाकण्यात अर्थ नाही. त्यांच्या शिष्यांपैकी काहींनी अमेरिकेत शिकवले आणि पट्ट्याच्या हिसक्यावर भर देणारी लष्करी वळणाची पद्धत दोन्ही महायुद्धांनंतर नागरी जीवनात उतरली. अमेरिकी शिक्षक विल्यम केलर यांची १९६२मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत हे तिचे सर्वांत कडक रूप.

यावरून ‘पूर्वीची पद्धत कठोर आणि हल्लीची सौम्य’ असे सरळ चित्र काढले जाते. ते टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत शिकारी कुत्रा शिकवण्याला ‘ब्रेकिंग’, म्हणजे मोडणे, म्हणत; पण १८४८मध्ये हचिन्सन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने त्याच शब्दाच्या मथळ्याखाली चाबकापेक्षा धीर, हातखुणा आणि बक्षीस यांची तरफदारी केली. १८८०च्या दशकात अमेरिकेत एस. टी. हॅमंड यांनी तर ‘मोडू नका, शिकवा’ अशीच भूमिका घेतली आणि खाऊ देऊन शिकवण्याची रीत सांगितली. सौम्य पद्धत ही नवी फॅशन नाही. ती जुनी आहे आणि मधल्या काळात युद्धांच्या घाईत मागे पडली.

शिकण्याची यंत्रणा : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरे आणि कुत्री कोड्याच्या पेटीतून सुटण्याची युक्ती चुकतमाकत शिकत. समाधान देणारी कृती पक्की होते आणि त्रास देणारी क्षीण होते, असा ‘परिणामाचा नियम’ त्यांनी मांडला. १९३०च्या सुमारास, पुढील प्रयोगांनंतर, त्यांनी या नियमाचा दुसरा अर्धा भाग स्वतःच सोडून दिला : बक्षिसाने जोड पक्की होते, पण शिक्षेने ती तेवढ्या प्रमाणात तुटत नाही. ही दुरुस्ती शिक्षकांच्या लेखनात क्वचितच येते. ती महत्त्वाची आहे, कारण हिसका देणाऱ्या पद्धतीचा सगळा भार नेमका त्या सोडून दिलेल्या अर्ध्यावर आहे.

अनुभवाने दोन गोष्टींची सांगड बसण्याला अभिसंधान म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या अभिजात अभिसंधानात घंटेसारखा उद्दीपक अन्नाची सूचना बनतो. स्किनर यांच्या साधक अभिसंधानात कुत्र्याची स्वतःची कृती परिणाम घडवते. घरच्या शिक्षणात दोन्ही एकाच वेळी चालू असतात. कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणारा परिणाम म्हणजे प्रबलन, कमी करणारा म्हणजे शिक्षा. बसल्यावर तुकडा मिळणे हे धन प्रबलन. पट्ट्याचा ताण कुत्रा जवळ येताच सैल होणे हे ऋण प्रबलन. उडी मारली की मालकाने पाठ फिरवणे ही ऋण शिक्षा, हिसका ही धन शिक्षा. येथे ‘धन’ आणि ‘ऋण’ म्हणजे चांगले आणि वाईट नव्हे. काही देणे आणि काही काढून घेणे एवढाच त्यांचा अर्थ. ऋण प्रबलनाला शिक्षा समजण्याची चूक पाठ्यपुस्तकांतही आढळते.

परिणाम कृतीला किती लगेच चिकटतो, यावर सारे अवलंबून असते. खिशातून तुकडा काढेपर्यंत कुत्रा उठून उभा राहिला, तर बक्षीस उठण्याला मिळते. हे अंतर भरून काढण्यासाठी ‘टिक्’ असा आवाज करणारी डबी (क्लिकर) वापरतात. आधी आवाजामागून खाऊ, असे अनेकदा करून आवाजाला किंमत आणायची आणि मग हव्या त्या क्षणी तो वाजवायचा. स्किनर यांनी १९५१मध्ये एका लोकप्रिय विज्ञान मासिकात ही रीत सांगितली होती. त्यांचे विद्यार्थी केलर ब्रेलंड आणि मॅरिअन ब्रेलंड यांनी ती व्यवसायात आणली. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्यामुळे ती १९९०नंतर कुत्र्यांच्या मालकांपर्यंत सर्वदूर गेली. डबीत जादू नाही. इटलीत ५१ कुत्र्यांवर केलेल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डबी, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ यांत शिकण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. ‘शाब्बास’ हा शब्द दरवेळी एकाच सुरात आणि वेळेवर उच्चारला, तर तोही तेच काम करतो.

वर्चस्ववाद आणि त्याची पिछेहाट : मालकाने कळपाचा ‘म्होरक्या’ व्हावे, कुत्र्याच्या आधी जेवावे, दारातून आधी बाहेर पडावे, कुत्र्याने दात दाखवल्यास त्याला उताणे दाबून धरावे, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७मधील निबंधात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त आणि एकत्र कोंबलेले होते. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या ग्रंथामुळे म्होरक्यासाठी ‘अल्फा’ हा शब्द लोकप्रिय झाला. पण कॅनडाच्या एल्झमीअर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर त्याच मेक यांनी १९९९मध्ये ही कल्पना मागे घेतली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. तेथे गादीसाठी झुंजी होत नाहीत. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. घाबरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दाबून धरले, तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. लहान मुले असलेल्या घरात हा सल्ला धोकादायक आहे.

पोर्तुगालमधील अभ्यासात (२०२०) ९२ पाळीव कुत्र्यांची तुलना केली असता, त्रासदायक साधने वापरणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे आणि शिकवणीनंतर लाळेतील कॉर्टिसॉल (ताणाखाली वाढणारे संप्रेरक) जास्त आढळले. कोणते कुत्रे कोणत्या वर्गात जाईल हे मालकांनीच ठरवलेले असल्याने निष्कर्षाला ती मर्यादा आहे. तरी इतर अभ्यासांचा कल याच दिशेचा आहे. वेल्समध्ये विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्यावर २०१०पासून बंदी आहे.

मालकांसाठी धडे : बसायला शिकवताना तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरून सावकाश डोक्यावरून मागे न्यावा, मान वर गेली की मागचा भाग आपोआप टेकतो. त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. चार-पाच वेळा असे झाले की हात रिकामा ठेवून तीच खूण करावी आणि बक्षीस दुसऱ्या हाताने द्यावे. शब्द शेवटी जोडायचा, तोही खुणेच्या किंचित आधी. बहुतेक घरांत नेमके उलटे होते : न बसणाऱ्या कुत्र्यासमोर ‘बस, बस, बस’ चालते आणि शब्द निरर्थक होतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘बस’ म्हणजे खाली टेक आणि ‘बस’ म्हणजे पुरे. भुंकणे थांबवण्यासाठी आणि बसवण्यासाठी एकच शब्द वापरला, तर कुत्र्याला दोष देता येत नाही. आजी ‘खाली बस’ म्हणते, बाबा ‘बस रे’ म्हणतात आणि मुले ‘सिट’ म्हणतात, असेही होते. शब्द कोणत्या भाषेतला, याला महत्त्व नाही. घरातल्या सर्वांचा तो एक असणे आवश्यक आहे.

थांबण्याच्या धड्यात वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. दिवाणखान्यात पक्का झालेला धडा जिन्यात किंवा गल्लीत नव्याने शिकवावा लागतो, कारण कुत्रे जागेसकट शिकते. हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये किंवा इंजेक्शनसाठी धरू नये. हाक हा त्याच्या दृष्टीने सौदा असतो आणि तो एकदा बुडाला की विश्वास बसायला वेळ लागतो. पट्टा ओढला की जागीच थांबावे, सैल झाला की चालावे. कोपनहेगनमध्ये ४४ बीगलांवर केलेल्या अभ्यासात (२०११) रोज शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवलेली कुत्री कमी तासिकांत शिकली आणि सलग तीन तासिकांपेक्षा एक छोटी तासिका सरस ठरली. दिवस मोजले तर रोज शिकवण्याने उद्दिष्ट लवकर गाठता येते, हे येथे ध्यानात घ्यावे. बक्षिसासाठी उकडलेली कोंबडी, पनीर किंवा भाकरीचा नखाएवढा तुकडा चालतो. मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट विषारी आहेत. मूठभर बेदाण्यांनीही मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

माणसे आणि परिसर यांची सवय लागण्याच्या दृष्टीने पिल्लाचा तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक मानतात, हे स्कॉट आणि फुलर यांच्या अमेरिकेतील बार हार्बर येथील दीर्घ संशोधनातून (१९६५) पुढे आले. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरातच ठेवले, तर हा काळ हातचा जातो. रस्त्यावर सोडले, तर पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या साथीच्या रोगांची भीती. पहिल्या लसीनंतर कडेवर घेऊन रिक्षा, पाऊस, छत्र्या, अनोळखी माणसे दाखवणे हा मधला मार्ग. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात ऐकवत खाऊ देण्याची तयारी दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू करावी.

भारतात : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘सारमेयविनोद’ हे कुत्र्यांवरील प्रकरण आहे. मराठी मुलखात बोलावण्याचे ‘यू यू’, हुसकावण्याचे ‘हाड’ आणि अंगावर सोडण्याचे ‘छू’ हे उच्चार पूर्वापार चालत आले आहेत; तिन्ही लहान, तिन्ही एकमेकांहून स्पष्ट वेगळे. सैन्याची कुत्री मीरत येथे, तर सीमा सुरक्षा दलाची ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे शिकतात. १९९३च्या बाँबस्फोटांच्या वेळी मुंबईत स्फोटके शोधणारा लॅब्रेडोर ‘झंजीर’ पुण्यात शिकला होता.

रस्त्यावरून घरी आणलेल्या मोठ्या देशी कुत्र्यालाही वरील पद्धत लागू पडते. त्याच्याबाबतीत पहिला धडा बसण्याचा नसतो. हातातला तुकडा न बिचकता घेण्याचा असतो. त्याला आठवडेही लागू शकतात. तेवढे होईपर्यंत वरून डोक्यावर हात नेऊ नये. बाजूला, कुत्र्याकडे पाठ किंवा खांदा करून जमिनीवर बसावे आणि तुकडा तळहातावर ठेवून वाट पाहावी.