खुराडं हवाबंद करू नका, वरची फट राहू द्या

पहिलं खुराडं बांधताना बहुतेक जण जी चूक करतात तीच मीही केली. कोंबड्यांना थंडी वाजेल म्हणून फळ्यांमधली एकूण एक फट प्लास्टिकने बुजवून टाकली. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर डोळ्यांतून पाणीच आलं, पत्र्याला आतून थेंब लटकलेले, आणि एक कोंबडी चोच उघडी ठेवून बसलेली. कोणीतरी म्हणालं दृष्ट लागली. दृष्ट-बिष्ट काही नसतं हो, तो अमोनिया होता आणि मीच तो आत कोंडला होता.

कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश असतं आणि पिसं फुगवली की मधली हवा गोधडीचं काम करते, त्यामुळे मोठ्या कोंबड्या कोरडी थंडी बऱ्यापैकी काढतात. त्रास होतो तो ओलीचा. एक कोंबडी दिवसाला जवळपास पाव लिटर पाणी पिते, त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं, ताज्या विष्ठेत तर तीन-चतुर्थांश पाणीच असतं.

आता खरी गंमत. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत, विष्ठेवर जो पांढरा, खडूसारखा थर दिसतो ना, ते युरिक ॲसिड. त्याच्या एका रेणूत नायट्रोजनचे ४ अणू. कोरडं असलं तर ते नुसतं पडून राहतं, पण ओल आणि ऊब मिळाली की जीवाणू कामाला लागतात, आधी युरिकेज नावाचं एन्झाइम ते फोडतं, पुढे एक-दोन पायऱ्यांनी युरिया होतो, मग युरिएज नावाचं दुसरं एन्झाइम त्या युरियाचा अमोनिया करतं, म्हणजे एका रेणूतून शेवटी अमोनियाचे ४ रेणू. हा अमोनिया दोन रूपांत असतो, ओलाव्यात विरघळलेला अमोनियम आणि हवेत उडणारा वायू. पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ते ७ असेल तर जवळपास सगळा अमोनियमच राहतो, ९.२५ ला निम्मा-निम्मा होतो. म्हणूनच वास मारायला खाली पसरलेल्या भुशाच्या ओल्या गादीवर चुना टाकला की उलट होतं, चुना पीएच वर नेतो आणि वायू आणखी सुटतो. ‘वास गायब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवरही माझा भरवसा नाही, ओल तशीच असेल तर अमोनिया परत तयार होणारच.

आणि पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा आधी शरीरातल्या मागच्या हवेच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसातून एकाच दिशेने पुढे सरकते, एक घोट हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. ऑक्सिजन घ्यायला ही रचना जबरदस्त, पण विषारी हवाही तितक्याच सहज आत जाते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू लवकर कळावा म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी नावाचे छोटे पक्षी ठेवायचे ते यामुळेच.

उपाय फुकट आहे. गरम ओली हवा वर जाते, म्हणून छपराच्या लगेच खाली समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना फट ठेवायची, बसायच्या दांडीवर कोंबडीचं डोकं येईल त्याच्याही वर, म्हणजे वारा थेट अंगावर येत नाही. फटीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी भोकांची कडक जाळी लावा. पैसे खर्च करायचेच तर या जाळीवर आणि पक्क्या कडीवर करा, पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही.

बाकी सांगाडा जुन्या पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचा चालतो, फक्त तिच्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, एमबी असेल तर घेऊ नका, त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. कोंबडीमागे ४ चौरस फूट जागा, दांडीवर ८ ते १० इंच. दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि तिथेच घाण करतात. चार कोंबड्यांना एक खोका पुरतो. खाली ४ ते ६ इंच कोरड्या भुशाची गादी, अधूनमधून वरखाली करायची.

झाल्यावर रात्रभर बंद ठेवा, सकाळी दार उघडून नाक दांडीच्या उंचीला न्या. पहिलाच श्वास महत्त्वाचा, कारण थोड्या वेळात नाक सरावतं. झोंबलं तर ओला भुसा काढा आणि पत्रा आणखी दोन बोटं वर उचला.