शाळा, शेड, कंटेनर: कोकणातल्या आपद्ग्रस्तांच्या निवाऱ्याची पार्श्वभूमी

दरड कोसळली किंवा पूर आला की कोकणात पहिली रात्र जाते ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर वरच्या वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत. दुसऱ्या दिवशी तहसीलदार येतात आणि तलाठी पंचनाम्याला लागतात. आठवड्याभरात खिचडी, चादरी आणि ताडपत्र्यांचे टेम्पो रांगेने उभे राहतात. हा सगळा भाग कोकणाच्या सवयीचा आहे आणि बऱ्यापैकी पारही पडतो. खरी रखडपट्टी सुरू होते त्यानंतर. शाळा जूनच्या मध्याला उघडलेली असते आणि आपत्ती येते ती बहुधा जुलैत, त्यामुळे वर्ग मोकळे करून द्यावे लागतात. मग या माणसांनी जायचं कुठे? गेल्या पस्तीसेक वर्षांत या प्रश्नाला मिळालेली उत्तरं पाहिली, तर मदतीची रक्कम वाढत गेलेली दिसते. जागेचा तिढा मात्र जिथल्या तिथे आहे.

शहरातला माणूस म्हणेल, भाड्याने घर घ्यावं. चिपळूण, महाडसारख्या बाजारपेठेच्या गावात ते थोडंफार जमतं. वाडीवर भाड्याची घरं नसतातच. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची कुलूपबंद घरं मात्र ढिगाने असतात. ओळखीपाळखीने त्यातलं एखादं उघडून मिळतं, पण गणपतीला घरमालक येणार असतो. भावकीचा आधार म्हणावा, तर कोकणातली वाडी म्हणजेच भावकी. डोंगर खाली आला की चुलत्याचं आणि पुतण्याचं घर एकाच वेळी जातं, आणि ज्याच्याकडे जायचं तोही त्याच शाळेत सतरंजीवर बसलेला असतो.

जुन्या लोकांच्या आठवणीत सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्याचं नाव पहिलं येतं. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या पुरात ते गाव उद्ध्वस्त झालं. त्या काळी मदत म्हणजे महसूल खात्याचा कारभार. दुष्काळासाठी घडलेल्या या यंत्रणेला धान्य वाटणं, रोजगार देणं आणि तगाई (शेतकऱ्याला सरकारी कर्ज) देणं चांगलं ठाऊक होतं. घर गमावलेल्या माणसाला पुढचं वर्षभर कुठे ठेवायचं, हा तिच्या अनुभवातला विषय नव्हता.

चार वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहती, मग जागतिक बँकेच्या कर्जातून पक्की घरं आणि ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन, एवढं मोठं काम महाराष्ट्राने तिथे केलं. आजही पुनर्वसनाची गोष्ट निघाली की अधिकारी किल्लारीकडे बोट दाखवतात. पण लातूर-धाराशिवच्या सपाट रानात जे जमलं ते सह्याद्रीच्या उतारावर तसंच्या तसं उतरवता येत नाही. मराठवाड्यात गाव दोन-तीन किलोमीटर सरकवता येतं. कोकणात तेवढं सरकायचं म्हटलं, तर एका बाजूला खाडी लागते, दुसऱ्या बाजूला वनखात्याची हद्द, आणि मध्ये उरलेला तुकडा दुसऱ्या कड्याखाली निघतो.

हे पहिल्यांदा लख्ख दिसलं २५ जुलै २००५ ला. मुंबईचा २६ जुलै सगळ्यांना आठवतो. त्याच्या आदल्या दिवशी महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर घरांवर आले होते, पण महाड स्वतःच पाण्याखाली असल्यामुळे मदतीला रस्ताच उरला नव्हता. दासगावच्या दरडग्रस्तांना पत्र्याच्या शेड बांधून दिल्या. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या त्या शेडमध्ये अनेक कुटुंबांनी दहा वर्षांहून जास्त काळ काढला. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात त्याचा आवाज एवढा की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गावावरून राज्यातले सगळे पुढारी दर शिमग्याला आणि गणपतीला जात-येत असतात!

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यामागे मुख्य धक्का २००४ च्या त्सुनामीचा होता. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीच्या किमान दर्जाची भाषा आली: छावणीत निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता, विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद, शिवाय जीवितहानी आणि घरांच्या नुकसानीबद्दल सानुग्रह अनुदान. कलम १३ मध्ये मोठ्या आपत्तीनंतर कर्जफेडीत सवलतीची सोय ठेवली होती; ते कलम २०२५ च्या दुरुस्तीत वगळलं गेलं. छावणीत काय असावं हे कायद्याने सांगितलं, पण छावणीतून पक्क्या घरात किती दिवसांत न्यायचं, याला मुदत नेमून दिली नाही. कोकणातल्या शेड कायद्यातल्या त्या मोकळ्या जागेत उभ्या आहेत, असं माझं मत आहे. धरण-रस्त्यासाठी उठवलेल्या माणसाला निदान १९९९ चा प्रकल्पबाधित पुनर्वसन कायदा दाखवता येतो. डोंगराने उठवलेल्याला शासन निर्णयांवर आणि त्या त्या वेळच्या घोषणांवर भागवावं लागतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने प्रश्नाचं रूप बदललं. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या या वादळात माणसं त्या मानाने कमी गेली, कारण किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवलं होतं. छपरं मात्र गेली. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं, कोने (आढ्यावरची कौलं) आणि सिमेंटचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. भिंती उभ्या आणि वर आभाळ, अशा घराला ‘अंशतः नुकसान’ म्हणतात. त्यात पावसाळा तोंडावर, टाळेबंदीमुळे पत्रे आणि सुतार दोन्ही मिळेनात, आणि शाळांमध्ये मुंबईहून आलेल्यांचं विलगीकरण चालू. म्हणजे पहिल्या रात्रीचा जो हक्काचा आसरा, तोच अडलेला. लोक ताडपत्री ओढून त्याच घरात राहिले.

त्या वेळी सरकारने ठरलेल्या निकषांच्या वर जाऊन पैसे दिले. पूर्ण पडलेल्या घराचे ९५,१०० रुपये होते ते दीड लाख केले, अंशतः नुकसानीचे ६,००० होते ते १५,००० केले, कपडे आणि भांडी यांची रक्कम दुप्पट झाली. बागेला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले. पण कोकणी बाग हेक्टरात मोजायची कशी? चार-पाच गुंठ्यांत नारळ, पोफळी, जायफळ, मिरी अशी दाटी असते. हेक्टरी हिशोबाने हातात येणारी रक्कम पाहून ओरड झाली, आणि पुढे नारळ-सुपारीला झाडागणिक मदत देण्याचा निर्णय घ्यावा लागला. देशावरच्या शेतीवर बेतलेला नियम कोकणाला घालून पाहायचा आणि मग तो उसवायचा, हा प्रकार मदतीच्या इतिहासात वरचेवर दिसतो.

पुरातही तेच. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर कपड्या-भांड्यांची मदत, अशी अट असे. कृष्णा-पंचगंगेच्या पुराला ती ठीक, कारण तिथे पाणी आठवडाभर ठाण मांडून बसतं. वाशिष्ठी आणि सावित्री या उताराच्या नद्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी काही तासांत माळ्यापर्यंत चढतं, ओहोटीबरोबर उतरतं आणि मागे गुडघाभर चिखल ठेवून जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये हेच झालं. त्यानंतरच्या पॅकेजमध्ये ती अट शिथिल केली, कुटुंबाला १०,००० रुपये, दुकानदाराला ५०,००० रुपयांपर्यंत आणि टपरीधारकाला १०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. बाजारपेठेतल्या ज्या दुकानात लाखोंचा माल सडला त्याच्या दृष्टीने ५०,००० म्हणजे चिखल उपसायची मजुरी.

त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली. खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर आणि पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडीवरही डोंगर उतरला. तळियेत शेडच्या जागी कंटेनर आले. कंटेनर त्याआधी तिवऱ्यात येऊन गेले होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, तेव्हा वाचलेल्यांची सोय कंटेनरमध्येच केली होती. (धरण खेकड्यांनी पोखरलं, असं मंत्र्यांनी सांगितलेलं महाराष्ट्र अजून विसरलेला नाही.) तिवरेवासीयांची पक्की घरं पुढे अलोऱ्याला झाली, त्यासाठी सिद्धिविनायक न्यासाने ५ कोटी रुपये दिले. १९ जुलै २०२३ ला खालापुरातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हाही चौकजवळ कंटेनर मांडले आणि पक्क्या घरांचं काम सिडकोकडे गेलं. तळियेचं म्हाडाकडे होतं.

कंटेनर दोन दिवसांत ट्रकवरून उतरतो, हा त्याचा मोठाच गुण. पण गुरं कुठे बांधायची, चूल कुठे पेटवायची, भात कुठे साठवायचं, याचं उत्तर त्याच्या आत नसतं. त्यामुळे दिवसा माणसं जुन्या वाडीवर, गोठ्याशी आणि शेताशी, आणि रात्री झोपायला कंटेनरमध्ये. नवी जागा शेतापासून लांब पडली तर पक्कं घर मिळूनही हा प्रकार थांबत नाही.

पक्कं घर का लांबतं, याचं अर्धं उत्तर सातबाऱ्यात आहे. १९४९ च्या कायद्याने खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांची गावावरची वतनदारी) गेली तरी जमिनीचे सामाईक उतारे राहिले. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारसनोंद झालेली नाही, हयात आहेत ते बोरिवलीत, विरारला किंवा सुरतेला. अशी जमीन पुनर्वसनासाठी विकत घ्यायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. घर ज्याच्या नावावर त्याचा मृत्यू झालेला असतो, पंचनाम्यात राहणाऱ्याचं नाव आणि असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आजोबांचं. मुंबईत कामाला असलेल्या मुलाचे आईवडील दरडीत गेले, तर तो आपद्ग्रस्त की नुसता वारस, आणि त्याला नव्या वसाहतीत घर द्यायचं की नाही, यावर गावोगावी वाद झाले आहेत. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे गावच. कार्यालयाच्या दृष्टीने तो तिथे राहत नव्हता.

आता दर वर्षी मे अखेरीला दरडप्रवण वाड्यांना तहसीलकडून स्थलांतराच्या नोटिसा जातात. यादी तयार असते, शाळेचं नाव ठरलेलं असतं. पाऊस वाढला की लोक रात्री शाळेत जातात आणि उजाडलं की दूध काढायला परत घरी येतात. नोटिशीवर सही दिलेली असते, म्हणून पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे कागदावर आधीच स्पष्ट असतं. ज्यांना कायमचं हलायचं आहे त्यांच्या नोटिशीत नवी जागा कुठली, हा रकाना नसतो.