सात पैशांत किती पाने?

वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा निघाली की १९६१ चा 'सकाळ' खटला हमखास निघतो. वर्तमानपत्राने किती पाने द्यावीत हे सरकारने ठरवावे का, हा त्यातला प्रश्न. खटला दिल्लीत चालला, पण त्याचे मूळ पुण्यातले.

१ जानेवारी १९३२ रोजी 'सकाळ' निघाला, तेव्हा पुण्याला वर्तमानपत्राचे नवल उरले नव्हते. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासूनचा, १९०४ पासून दैनिक. 'केसरी'ने पन्नाशी गाठलेली. पण या पत्रांचा जीव अग्रलेखात. आज कुणाचा समाचार घेतला, हे पाहायला अंक उघडायचा! 'ज्ञानप्रकाश' नेमस्तांचा, 'केसरी' टिळकपंथीयांचा. घरी कोणता येतो त्यावरून घराचे राजकारण कळे.

'सकाळ'चे संस्थापक डॉ. ना. भि. ऊर्फ नानासाहेब परुळेकर कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांनी बातमी पुढे आणली. गावोगावचे वार्ताहर, बाजारभाव, स्त्रियांचे प्रश्न. मुहूर्तही असा की चारच दिवसांत, ४ जानेवारीला, गांधीजींना मुंबईत अटक होऊन येरवड्यात आणले गेले. सप्टेंबरात तिथेच उपोषण, तिथेच पुणे करार. देशाची बातमी त्या वर्षी पुण्याची स्थानिक बातमी होती.

बातम्यांवर जगणाऱ्या पत्राला जागा लागते, आणि नेमका तिथेच सरकारचा हात पडला. १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी किती किमतीला किती पाने द्यायची हे ठरवून दिले. बड्या दैनिकांपुढे छोटी टिकावीत, हा हेतू सांगितला गेला. 'सकाळ'चा खप तेव्हा सुमारे ५२ हजार. अंकाची किंमत सात नवे पैसे, आणि त्या किमतीत आठवड्याला एकूण ३४ पाने मिळत. आदेशानुसार ती २४ वर आली असती, नाहीतर किंमत वाढवावी लागली असती. किंमत वाढली की खप घटणार, हे उघड होते.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र न्या. मुधोळकरांचे. धंद्यावर लोकहितासाठी बंधने घालता येतात, मात्र त्याच सबबीखाली अभिव्यक्तीला कात्री लावता येत नाही. आणि मजकूर किती, तो किती लोकांपर्यंत पोचतो, हे दोन्ही अभिव्यक्तीतच येते, असा त्याचा आशय. या प्रकरणात दैनिकाच्या याचिकेबरोबर 'सकाळ'च्या वाचकांच्याही याचिका होत्या. आमची पाने कमी करू नका, हे वाचकांनीच न्यायालयात जाऊन सांगितले.