शक्तिप्रदान, स्पोर्ट्‌स कारमधील

चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन किती टॉर्क (फिरवणारा जोर), किती फेऱ्यांवर आणि किती तत्परतेने चाकांपर्यंत पोहोचवते, त्या एकूण स्वभावाला शक्तिप्रदान म्हणतात. माहितीपत्रकात छापलेली कमाल अश्वशक्ती हा या स्वभावाच्या आलेखावरचा केवळ एक बिंदू असतो. सारख्याच अश्वशक्तीच्या दोन गाड्या चालवताना अगदी वेगळ्या वाटतात, त्याचे कारण उरलेल्या आलेखात सापडते.

टॉर्क (न्यूटन-मीटर) आणि मिनिटाला होणारे फेरे यांच्या गुणाकाराला ९,५४९ ने भागले की शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. साहजिकच शक्ती वाढवण्याचे दोन मार्ग उरतात : इंजिन अधिक वेगाने फिरवणे किंवा प्रत्येक फेऱ्यातला टॉर्क वाढवणे. पहिल्या मार्गाचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९९९ साली आलेली होंडा एस२०००. तिचे दोन लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन जपानी आवृत्तीत ८,३०० फेऱ्यांवर २५० अश्वशक्ती देई. पण टॉर्क जेमतेम २१८ न्यूटन-मीटर, आणि तोही ७,५०० फेऱ्यांवर. सहा हजारांच्या आसपास झडपा अधिक उघडणारे कॅम कामाला लागेपर्यंत ही गाडी साधीच वाटे. मात्र कमी टॉर्क म्हणजे कमी वेग असे समजणे चुकीचे आहे. गिअरचे गुणोत्तर चाकांवरचा टॉर्क वाढवते, आणि वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला आखूड, म्हणजे टॉर्क जास्त पटीने वाढवणारे, गिअर देता येतात. त्याची किंमत चालकाला सतत गिअर बदलून मोजावी लागते.

दुसरा मार्ग टर्बोचार्जरचा. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरते आणि ते सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरते. पण टर्बाइनला गती येण्यास वेळ लागतो, आणि हा विलंब, म्हणजेच टर्बो लॅग, १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोने कुप्रसिद्ध केला. तीन लिटर, २६० अश्वशक्ती आणि अवघे चार गिअर असलेल्या या गाडीत वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर प्रथम फारसे काही घडत नसे. मग सारा जोर एकदम येई आणि मागची चाके पकड सोडत. घाबरून पाय काढावा, तर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असलेल्या इंजिनाचे वजन गाडीची शेपूट बाहेर ओढी. दोष केवळ टर्बोचा नव्हता. तो अशा मांडणीत, असा अवेळी आला.

पुढे तंत्र सुधारले. २००६ च्या ९११ टर्बोत टर्बाइनभोवतीची पाती कोन बदलू लागली, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही दाब लवकर तयार होऊ लागला. ९११ च्या ९९२ या पिढीच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही विचारधारा एकाच घराण्यात शेजारी दिसतात. टर्बो एस आणि जीटी३ या दोन्ही गाड्यांत मागे बसवलेले, आडव्या सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. टर्बो एस ६५० अश्वशक्ती आणि २,५०० फेऱ्यांपासूनच ८०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टर्बो नसलेली जीटी३ ४७० न्यूटन-मीटरसाठी ६,१०० फेऱ्यांपर्यंत, तर ५१० अश्वशक्तीसाठी ८,४०० पर्यंत थांबायला लावते. सरळ रस्त्यावर टर्बो एस निर्विवाद वेगवान आहे. तरीही पायाच्या किंचित हालचालीला जीटी३ ज्या प्रमाणात आणि ज्या तत्काळपणे उत्तर देते, ते वळणांच्या रस्त्यावर अधिक मोलाचे ठरते.

सिलिंडरांची मांडणीही स्वभाव घडवते. व्ही८ च्या, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या, क्रँकशाफ्टवरील (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरील) भुजा एकमेकींशी ९० अंशांत असतील, तर अवजड प्रतिभार लागतात, पण इंजिन कमी कंपनांनी चालते. अमेरिकी गाड्यांची घरघर त्यातूनच येते. भुजा १८० अंशांत असतील, तर शाफ्ट हलका होतो आणि इंजिन झटकन फेरे घेते, पण कंपने वाढतात. फेरारीच्या व्ही८ या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. व्ही१२ मुळातच संतुलित असते. माझदाचे रोटरी इंजिन पिस्टनच वापरत नाही. ते विलक्षण सुरळीत फिरते, १९९१ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यतही त्याने जिंकून दिली, पण खालच्या फेऱ्यांवरचा अशक्तपणा आणि इंधनाची भूक त्याला कधी सुटली नाही.

टर्बोचा मुबलक टॉर्क मिळाल्यावर निर्मात्यांनी तो मुद्दाम आवरायला घेतला, हे विशेष. २०१५ च्या फेरारी ४८८ जीटीबीचा पूर्ण ७६० न्यूटन-मीटर टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतो. खालच्या गिअरमध्ये संगणक तो कमी ठेवतो, जेणेकरून फेरे वाढतील तसा जोर वाढत असल्याचा अनुभव टिकावा. विद्युत मोटर शून्य फेऱ्यांपासून कमाल टॉर्क देते आणि तिला सहसा अनेक गिअर लागत नाहीत. २०२३ च्या ह्युंदाई आयोनिक ५ एनला स्पोर्ट्‌स कार म्हणावे की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी तिच्यात आठ गिअरचा आभास देणारी आज्ञावली आहे : मोटरचा जोर क्षणभर तोडून ती नसलेला गिअर बदलल्याचा धक्का चालकाला देते.