जी-सूट सैल नको : सूट वापरणाऱ्या वैमानिकांसाठी माहितीपत्रक

नवा जी-सूट (जोरात वळताना रक्त पायांत साचू नये म्हणून वैमानिक घालतात तो फुगणारा सूट) चढवल्यावर बहुतेक जण पहिलं वाक्य बोलतात ते, "फारच आवळतोय हो." आवळायलाच हवा. कारण सांगतो.

विमान कचकन वळवलं की ५ जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोराला, ७० किलोचा माणूस ३५० किलोचा होतो. रक्तही तितकंच जड. हृदयापासून डोळे साधारण ३० सेंटिमीटर उंचावर. तेवढा चढ चढताना दर जीमागे सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्ची पडतो. हृदयापाशी १२० दाब धरला, तर ५ जीच्या आसपास शिल्लक शून्य. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो, म्हणून आधी नजर जाते : रंग विटतात, कडा दिसेनाशा होतात, मग काळोख. शुद्ध त्यानंतर हरपते. पण जी झपाट्याने चढले तर या खुणा दिसतही नाहीत. मेंदूतला शिल्लक ऑक्सिजन जेमतेम ४ ते ६ सेकंद पुरतो.

सूटमध्ये हवेचे पाच फुगे असतात. एक पोटावर, दोन मांड्यांवर, दोन पोटऱ्यांवर. २ जीच्या सुमारास व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढे प्रत्येक जीमागे साधारण दीड पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचं माप) दाब वाढत जातो. पाय आवळले की रक्त खाली साचत नाही, पोट आवळलं की हृदय खाली सरकत नाही. (दुसऱ्या महायुद्धात कॅनडाचे संशोधक विल्बर फ्रँक्स यांचा सूट पाण्याने भरलेला असे. काम करायचा, पण तो अंगावर घेऊन वावरायचं म्हणजे शिक्षाच. पुढे हवेने बाजी मारली.)

सूट सैल असेल तर हवा आधी ती पोकळी भरण्यात जाते, आणि आवळ बसायला उशीर होतो. म्हणून नाड्या उभं राहून नाही, खुर्चीत बसून ओढा. पोटाचा फुगा बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. गुडघे मोकळे. आत घातलेल्या कपड्याला चुणी राहू देऊ नका. फुगा दाबला की तीच चुणी मांडीवर लाल वळ उठवते. वजन चार-पाच किलोंनी कमीजास्त झालं की नाड्या पुन्हा बांधून घ्या. आमच्याकडे आलात तर आम्ही बांधून देऊ.

एक गोष्ट आम्ही विकताना स्पष्ट सांगतो, विक्री कमी झाली तरी चालेल : नुसता सूट १ ते दीड जीच वाढवून देतो. पाय, मांड्या, पोट ताणून धरून श्वास रोखण्याचा सराव त्याहून बराच जास्त देतो. तो सराव आमच्या दुकानात मिळत नाही. आणि उणे जीमध्ये, रक्त डोक्याकडे धावतं तेव्हा, सूटचा काही उपयोग नाही.

उड्डाणाआधी होज (सूटला हवा पुरवणारी नळी) जोडून व्हॉल्व्हचं चाचणी बटण दाबा. पाचही फुगे फुगले पाहिजेत, दोन्ही पाय सारखेच. एक पोटरी मागे राहिली तर बहुधा नळी मुडपलेली असते.

धुताना ब्लीच नको, पिळणं नको. होजला धरून सूट उचलू नका. सावलीत टांगून वाळवा. घडी घालायचीच तर फुग्यांवर कडक दुमड पडू देऊ नका, पहिली गळती तिथूनच सुरू होते. गळती दिसली तर घरी ठिगळ लावू नका, सूट तसाच आमच्याकडे पाठवा.